व्हॅक्यूम मिक्सर म्हणजे लुटायचा धंदा? असं पसरवू नका
एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी पुढे ढकलला असेल. म्हणे गुडघा किंवा खुबा बदलल्याच्या बिलात ‘व्हॅक्यूम मिक्सिंग’ (म्हणजे बंद मिक्सरमधे हवा ओढून घेत सिमेंट मिसळणं) दिसलं की समजा लुटलं, बोन सिमेंट, म्हणजे नवा सांधा हाडात पक्का बसवणारं सिमेंट, वाटीत हाताने घोटलं तरी तेच होतं, खुबा बदलायचं ऑपरेशन रूढ करणारे सर्जन चार्नली यांनी तसंच केलं होतं, आणि सिमेंटच्या वासाने कुणाचं काही बिघडत नाही. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) काम करते, हे वाचून गप्प बसवत नाही.

‘तेच होतं’ हे आधी घेऊ. नाही होत. सिमेंटची 40 ग्रॅम पावडर आणि 20 मिली मोनोमर (त्यात मिसळायचा पातळ द्रव) उघड्या वाटीत घोटलं की हवा आत अडकतेच, सिमेंट सेट झालं की तिची बारीक छिद्रं राहतात, आणि रोजच्या चालण्याचा भार वर्षानुवर्षं पडत राहिला की भेग पुष्कळदा तिथूनच सुरू होते. व्हॅक्यूमने छिद्रं बरीच कमी होतात. मात्र वाट्टेल तेवढा व्हॅक्यूम ओढूनही चालत नाही, प्रेशर फारच खाली गेलं तर मोनोमरच उकळायला लागतो आणि नवे बुडबुडे होतात.

चार्नलींचं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. 1960 च्या दशकात इंग्लंडमधे राइटिंग्टनला, चार्नलींच्या हॉस्पिटलात, हाताने घोटलेल्या सिमेंटवर बसवलेले कितीतरी खुबे वीस वर्षांच्या वर चालले, त्यामुळे हाताने मिक्स केलं म्हणजे सांधा गेलाच असं कुणाला घाबरवू नका. स्वीडनमधे बदललेल्या खुब्यांची नोंद ठेवणारं रजिस्टर आहे, त्यात तर सुरुवातीची काही वर्षं व्हॅक्यूमवाल्या खुब्यांचे रिझल्ट उलट थोडे वाईट दिसले, फायदा दिसला तो पुढे, जास्त वर्षांनी. हाड नीट धुऊन कोरडं करणं आणि सिमेंट दाबून भरणं यात कसर राहिली तर कुठलाही मिक्सर वाचवत नाही.

बिलाचं म्हणाल तर किंमत जास्त लावली असं वाटलं तर वेगवेगळं बिल मागा, जरूर भांडा, तो तुमचा हक्कच आहे.

पण वासाचं जे लिहिलंय ना, त्याचा मला खरंच राग आला. मोनोमरची अँप्युल (काचेची छोटी बाटली) फोडून पावडरवर ओतली की भपकन वास येतो, वाटीवर वाकून घोटणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो, काहींचं डोकं दिवसभर दुखतं. साधा सर्जिकल मास्क ती वाफ अडवत नाही. लेटेक्सच्या ग्लोव्हजमधून मोनोमर आत जातो, बोटांना खाज सुटते, कातडी फुटते, आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती जात नाही. गरोदर सिस्टरला सिमेंटच्या वेळी बाहेर पाठवायची पद्धत आहे ती काय उगाच? बंद मिक्सरमधे वाफ आतच राहते, काहींत तर कोळशाच्या फिल्टरमधून ओढली जाते, वास पूर्ण जात नाही पण फरक तिथे उभं राहिलं की लगेच कळतो. पेशंट त्या वेळी भुलीखाली असतो, ही वाफ आम्ही घेतो, दिवसाला तीन-चार केसेस असल्या तर तितक्या वेळा.