कमोडसाठी वापरलेले पाणी: बादली की दुसरा पाइप?

गेली दोन वर्षे आमच्या घरी कपडे धुतलेले पाणी गटारात न सोडता कमोडमध्ये ओतले जाते. हे कोणाला सांगितले की एक तर नाक मुरडले जाते किंवा ‘मग पंप-फिल्टर लावून पूर्ण यंत्रणाच का बसवत नाही?’ असा प्रश्न येतो. नाक मुरडणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण आधीच बांधून झालेल्या घरात हे काम बादलीनेच करावे आणि पाइपांची यंत्रणा फक्त नव्या बांधकामात, पहिल्या नकाशापासून धरावी, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

चार माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा फ्लश केला आणि दर वेळी 6 लिटर पाणी गेले, तर दिवसाला 120 आणि वर्षाला 43,800 लिटर पाणी खर्च होते. हे पाणी नदी किंवा धरणातून उचललेले, गाळलेले, क्लोरीन घातलेले आणि पंपाने वर चढवलेले असते, म्हणजे ज्या नळाचे आपण पितो त्याच नळाचे. दोन बटणांची टाकी असेल आणि पाचांपैकी चार वेळा 3 लिटरचे बटण दाबले, तर हाच आकडा दिवसाला 72 लिटरवर येतो. म्हणून ज्यांनी अजून ते छोटे बटण वापरण्याचीच सवय लावलेली नाही, त्यांनी बादली उचलण्याआधी तेवढे करावे; त्याला कष्टही नाहीत.

वापरलेल्या पाण्यासाठी कमोड ही मला बागेपेक्षाही चांगली जागा वाटते. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि ते मातीत साठत गेले की माती घट्ट होते, झाडे मलूल होतात. कमोडला क्षारांचे सोयरसुतक नाही. शिवाय झाडांना पावसात पाणी नको असते. कमोडची गरज मात्र बारा महिने, रोज, जवळपास सारखीच राहते.

कोणते पाणी घ्यायचे, यात मात्र निवड करावी लागते. मशीनची नळी मी ड्रममध्ये सोडते, पण पहिले साबणाचे दाट पाणी जाऊ देते आणि नंतरचे, कपडे खळबळल्याचे पाणी धरते. ते ताकाच्या निवळीसारखे फिकट गढूळ असते आणि त्यावर कपड्यांचे बारीक तंतू तरंगतात. नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधला की ते तिथेच अडकतात. अंघोळीचे पाणीही चालते. स्वयंपाकघरातले पाणी मी घेत नाही, कारण त्यातले तेल आणि अन्नाचे कण फार लवकर कुजतात. बाळाचे लंगोट किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी तर सरळ गटारातच जावे.

साठवण्याची मुदत एक दिवस, त्यापुढे नाही. सुरुवातीला आम्ही तीन दिवस गावाला गेलो आणि ड्रम भरलेलाच राहिला. परत येऊन झाकण उघडले तेव्हा कुजलेल्या अंड्यांचा असा भपकारा आला की शेजाऱ्यांनीही दार उघडून पाहिले. पाण्यातला मळ आणि साबण खाता खाता जिवाणू त्यातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. फिनेल ओतून हा वास झाकत नाही, हे मी करून पाहिले आहे.

ओतण्याचीही एक पद्धत आहे. कमोडच्या तळाच्या वळणात जे पाणी उभे असते, ते गटारातला वायू घरात येऊ देत नाही. बादली हळूहळू रिकामी केली, तर तेवढेच पाणी त्या वळणावरून पलीकडे सांडते आणि मैला जागच्या जागी फिरत राहतो. गुडघ्याच्या उंचीवरून, पण एका दमात पाच-सहा लिटर ओतले की मैला धक्क्यासरशी पुढे जातो. काही कमोडमध्ये सायफन लागून खळखळ आवाज होतो आणि वळणातले पाणीही ओढले जाते; तिथे शेवटी तांब्याभर पाणी हळूच ओतून ते वळण पुन्हा भरावे.

माझी सर्वांत मोठी चूक पुढची. बादली उचलण्याचा कंटाळा येऊन मी हे पाणी थेट फ्लशच्या टाकीत भरू लागले. काही महिन्यांनी कमोडमध्ये रात्रंदिवस बारीक धार दिसू लागली. प्लंबरने टाकीतली तळाची रबरी चकती काढून तिच्यावरून अंगठा फिरवला, तर अंगठ्यावर करडा, बुळबुळीत थर आला. ‘ताई, साबणाचं पाणी टाकीत घालता का? रबर बसतच नाहीये,’ असे तो म्हणाला. म्हणजे धुण्याचे पाणी वाचवण्याच्या नादात नळाचे स्वच्छ पाणी मी किती दिवस गळू देत होते, कोण जाणे. तेव्हापासून टाकीत केवळ नळाचे पाणी, आणि बादलीतले थेट भांड्यात. एसीचे ठिबकणारे पाणी तेवढे टाकीत चालते, कारण त्यात साबण नसतो.

बादलीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो वजन. माझ्या आईचे गुडघे दुखतात; ती बटणच दाबते आणि तिने तेच करावे. म्हणूनच नव्या इमारतींत दुसरा पाइप हवा, असे मी म्हणते. जगात हे नवे नाही. हाँगकाँगमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लशसाठी वेगळ्या पाइपातून समुद्राचे पाणी पुरवले जाते आणि आज तिथल्या बहुसंख्य लोकांकडे तीच सोय आहे. जपानमधल्या फुकुओका शहराने 1978च्या भीषण टंचाईनंतर, 1980पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी मोठ्या इमारतींच्या स्वच्छतागृहांना द्यायला सुरुवात केली. जपानमध्येच अनेक घरांत फ्लशच्या टाकीच्या डोक्यावर छोटे बेसिन असते. टाकीत भरणारे नळाचे पाणी आधी तिथून पडते, हात धुऊन होतात आणि तेच पाणी टाकीत उतरते. मला ही युक्ती सगळ्यांत देखणी वाटते, कारण तिला पंप लागत नाही आणि पाणी साठून राहायला वेळही मिळत नाही.

पण नेदरलँड्समधल्या उट्रेख्टजवळ लाइडशे राइन या नव्या वसाहतीत काय झाले, तेही लक्षात ठेवावे. तिथे घरोघरी दोन पाइप होते: एक पिण्याचा, दुसरा फ्लश आणि धुण्यासाठी कमी शुद्ध केलेल्या पाण्याचा. 2001मध्ये दोन्ही जाळी चुकून एकमेकांना जोडली गेली, ते पाणी पिण्याच्या नळांतून आले आणि लोक आजारी पडले. पुढे तिथल्या सरकारने असे मोठे प्रकल्पच थांबवले. जुन्या घरात भिंती फोडून, कोणता पाइप कुठे जातो याचा नकाशा हाताशी नसताना, ओळखीच्या प्लंबरकडून दुसरी जोडणी करून घ्यायला मी घाबरते ती याचसाठी.

तुमच्या इमारतीचे काम अजून चालू असेल, तर दुसऱ्या पाइपचा रंग वेगळा आहे ना, हे भिंती बुजवण्याआधी जाऊन बघा. अमेरिकेत त्यासाठी जांभळा रंग रूढ आहे. मग ताबा घेण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याचा पाइप पूर्ण बंद करायला सांगा, त्यातले उरलेले पाणी निथळू द्या आणि दुसरा पाइप चालू ठेवून घरातला प्रत्येक नळ उघडा. स्वयंपाकघराच्या नळाला थेंबभर जरी पाणी आले, तरी किल्ली घेऊ नका.