तुमचं नाव कशाला घातलंत?

काल आमच्या पुण्यातल्या, धायरीच्या फ्लॅटची नोंदणी झाली. फ्लॅट सहाव्या मजल्यावर आणि इमारत अजून तिसऱ्यापर्यंतच आलीय, पण कागदोपत्री आम्ही मालक. किंमत ६० लाख. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. या पैशांना बँक कर्ज देत नाही. आईची एफडी मोडली. नोंदणी कार्यालयात मन घट्ट करून बसलो होतो, तेवढ्यात एक काका भेटले.

शेजारच्या खुर्चीवर कुणाच्या तरी दस्ताला साक्षीदार म्हणून आले होते. मांडीवर रेक्झिनची पिशवी, तीत आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा. एकूण साक्षी देण्याचा सराव दांडगा. त्यांनी न विचारता आमच्या करारनाम्यात डोकं घातलं.

"जोडीनं घेताय?"

"हो!" मी छाती काढून.

"मग एक टक्का गेला की. बाईमाणसाच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर सहाच पडतात. २०२१ पासून आहे. तुमचं नाव कशाला घातलंत?"

बायको पंख्याकडे बघायला लागली. गणपतीत ती म्हणाली होती, "माझ्या एकटीच्या नावावर घेऊ या का?" आणि मी "उद्या मला बाहेर काढलंस तर?" म्हणून पाहुण्यांसमोर हशा मिळवला होता. त्याची आठवण तिनं करून दिली नाही. फक्त मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. साठ हजारांचा हशा.

काका थांबेनात. "त्या सातात मेट्रोचा एक टक्का धरलाय बरं का." धायरीला मेट्रो अजून फिरकलेली नाही. म्हणजे आणखी साठ हजारांचं तिकीट काढून मी पीएमपी बसच्या दांड्याला लोंबकळत स्वारगेटला जाणार.

"जीएसटी?"

"पाच टक्के."

"तीन लाख. कम्प्लिशन झालेलं तयार घर घेतलं असतंत तर तोही नव्हता." तयार घराचा भाव ऐकूनच आम्ही खांबांवर समाधान मानलं होतं, हे त्यांना कोण सांगणार!

त्यातल्या त्यात टीडीएसचं मला कौतुक होतं. पन्नास लाख किंवा वरचं घर असलं की बिल्डरच्या पैशांतून एक टक्का आपण कापायचा. आयुष्यात पहिल्यांदाच कापणाऱ्याच्या बाजूला आलो! मग कळलं, कापून तो सरकारात भरायचा, फॉर्म आपणच भरायचा आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये आपल्यालाच. पगारातून आयकर कापून घेतात तो घेतातच, वर ही बिनपगारी कारकुनी. दस्त हाताळणीचे पानाला ४० रुपये वेगळे. आमचा करारनामा ११२ पानी, त्यातली निम्मी पानं बिल्डरची जबाबदारी कशी नाही हे सांगणारी.

शेवटी चिडून विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं घर कुठंय?"

"स्वतःचं कशाला? सदाशिव पेठेत वाड्यात राहतो. भाडं पासष्ट रुपये."

एवढ्यात आमचा नंबर लागला. बायकोचा अंगठा मशीननं पहिल्या झटक्यात घेतला. माझा घेईना. पुसला, फुंकला, केसांवरून फिरवला. चौथ्यांदा दाबत होतो तेव्हा मागून आवाज आला,

"बघा, मशीन पण तेच म्हणतंय."