काट्याने काटा काढण्याआधी

सध्या सगळीकडे फिरणारा एक सल्ला थोडक्यात असा आहे: गाडीच्या डॅशबोर्डवरचा कुठलाही काटा अडकला तर मेकॅनिककडे जायची गरज नाही. आधी मीटरच्या काचेवर जोरात टपल्या मारा. नाही हलला तर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, मीटर ‘रिसेट’ होतं. तरी नाही, तर काच काढून काट्याच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. शेवटचा उपाय म्हणजे जेवणाच्या दोन काट्यांनी तो काटा उचकटा आणि शून्यावर परत बसवा. झालं काम!

यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या मीटरला कधीतरी लागू पडलेला आहे. म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. फक्त ते मीटर तुमच्या गाडीत असेलच असं नाही.

सुरुवात ‘कुठलाही काटा’ या शब्दांपासूनच करू. जुन्या स्पीडोमीटरमध्ये गिअरबॉक्समधून आलेली केबल एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं. जुन्या पेट्रोल आणि टेंपरेचर मीटरमध्ये गरम झाल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी असते, म्हणून ते काटे सावकाश चढतात. नंतर आली दोन आडव्या-उभ्या कॉइलींमध्ये चुंबक फिरवणारी मीटरं. त्यांत काटा थरथरू नये म्हणून घट्ट सिलिकॉन तेल घातलेलं असतं. आणि गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत काट्यामागे नखाएवढी स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर, बसलेली असते. चार वेगळी यंत्रं, आणि सल्ला मात्र एकच.

‘अडकला’ या शब्दावर तर जास्तच थांबायला हवं, कारण बऱ्याचदा काटा अडकलेलाच नसतो. टेंपरेचरचा काटा बरोब्बर मध्यावर खिळून बसलाय, ही नेहमीची तक्रार घ्या. अनेक नव्या गाड्यांत तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काहीही असो, काटा मध्यावरच राहतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. उलट तो ‘थंड’वरून उठतच नसेल, तर संशय आधी उघडा राहिलेल्या थर्मोस्टॅटवर (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) आणि मग सेन्सरवर घ्यायचा. कॉइलवाल्या काही मीटरांत किल्ली काढल्यावर पेट्रोलचा काटा होता तिथेच थांबतो. तोही बिघाड नाही. आणि जुन्या गाडीत पेट्रोल आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकदमच वेड्यासारखं दाखवायला लागले, तर दोघांना मिळून सुमारे १० व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर बघायचा. तिथे काट्याला हात लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग ओळखायचं कसं? बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवल्याबरोबर सगळे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात. संशयित काटा ही फेरी नीट मारत असेल तर मोटर धडधाकट आहे; दोष टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये, सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधा. सगळे फिरले आणि हा एकटाच हलला नाही, तर गुन्हेगार मीटरच्या आत आहे. जी गाडी अशी फेरी मारत नाही, तिथे सेन्सरचा कनेक्टर काढून काटा जागचा हलतो का ते बघता येतं. कनेक्टरची वायर थेट अर्थला टेकवून बघायचा जुना रिवाज मात्र टाळा, काही मीटरं त्याने जळतात.

आता टपल्या. टपलीने काटा हलला तर आत कुठेतरी सोल्डरचा सांधा सुटलाय, कनेक्टर ढिला आहे किंवा काटा डायलला घासतोय, एवढं कळतं. ही तपासणी झाली, दुरुस्ती नव्हे. हलक्या बोटाने एकदा टिचकी मारली तर बिघडत नाही. ‘जोरात’ कशाला?

बॅटरीच्या उपायात थोडं तथ्य आहे. स्टेपर मोटर आपला काटा कुठे आहे हे बघत नाही, फक्त पावलं मोजते. एका प्रचलित मोटरीचं एक पाऊल एक तृतीयांश अंशाचं असतं आणि पूर्ण फेरी ३१५ अंशांची. कमजोर बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळलं की मोजणी चुकते आणि गाडी उभी असताना काटा ३० वर दिसतो. पण बहुतेक गाड्या पुढच्या वेळी किल्ली फिरवल्यावर काटा मागच्या टोकाला टेकवून मोजणी नव्याने सुरू करतात. म्हणजे किल्ली बंद-चालू करूनच जे होतं, त्यासाठी घड्याळ, रेडिओचा कोड आणि खिडक्यांचं सेटिंग घालवायचं! आणि मोटरच्या आतली दातेरी चाकं झिजली असतील तर बॅटरी महिनाभर काढून ठेवलीत तरी काही होणार नाही. २००३ ते २००६ च्या सुमाराच्या जनरल मोटर्सच्या ट्रक आणि एसयूव्हींमध्ये या मोटरी सर्रास जायच्या. तिथे खरा उपाय ठरला तो जुनी मोटर सोल्डर काढून बदलण्याचा.

स्प्रेबद्दल एकच सांगतो: मारू नका. तो सिलिकॉन तेल पातळ करून टाकतो, डायलवर ओघळतो, पारदर्शक प्लास्टिकवर बारीक तडे आणू शकतो. शिवाय काट्याच्या मुळाशी गंज नसतोच.

राहिला काटा उचकटण्याचा प्रकार. काट्याने काटा काढायचा हे म्हणीत ठीक आहे. मी स्वतः एकदा हा प्रयोग केला आणि काटा जिच्यावर बसतो ती मीटरची दांडी वाकवली. त्यानंतर तो काटा अर्ध्यावर जाऊन घासायला लागला, म्हणजे आधी नव्हता तो आजार मीच लावला. काटा शून्याच्या खुंटीपलीकडे उडी मारून बसला असेल किंवा मोटर बदलायची असेल, तेव्हा मात्र तो काढावाच लागतो. त्याआधी काट्याची जागा कागदी टेप लावून खूण करून ठेवा. परत बसवताना फार खोल दाबू नका, डायलपासून पूर्वीइतकंच अंतर राहू द्या.

जुन्या केबलवाल्या स्पीडोमीटरमध्ये आणखी एक गोम आहे. खुंटीवरून सोडवलेला काटा स्प्रिंगच्या ओढीने शून्याच्याही खाली जाऊन थांबतो. खूण तिथली करायची असते. ती न करता मोकळ्या दांडीवर काटा थेट शून्यावर दाबला, तर पुढचे सगळे आकडे सरकतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तरी ते खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर, एवढ्याच मर्यादेत. म्हणजे ताशी ८० ला काटा ८० ते ९२ च्या मध्ये हवा. काटा बसवल्यावर सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएसचा वेग वाचायला सांगा. जीपीएस ८० म्हणत असताना काटा ७४ वर असेल, तर तो पुन्हा काढावा लागणार.