पत्रा जाड म्हणजे गाडी सुरक्षित?

लग्नाच्या पंगतीत गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी काका हमखास म्हणणार, "आमच्या फियाटचा पत्रा बघ! आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. टेकलं तरी पोचा पडतो."

मी स्वतः प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे काकांच्या त्याच जुन्या फियाटचा, भक्त आहे. कुर्ल्यात बनलेली, 1089 सीसीची, स्टीअरिंगला गिअर असलेली वडिलांची पद्मिनी अजून आमच्याकडे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा मीही हळहळलो. पण काकांचं हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

पद्मिनीशेजारी आमची 2024 ची स्विफ्ट उभी असते. दोघींचं वजन 900 किलोच्या आसपासच! नवीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलंय. धक्का तिथे जिरतो, माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. वर सहा एअरबॅग. पद्मिनीत एकही नाही.

2009 मध्ये अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू ताशी 64 किमीने एकमेकींवर आदळवल्या. व्हिडिओ जरूर बघा. बेल एअर कसली आडदांड, पण ड्रायव्हरची बाजू पार चुरगळली. आत माणूस असता तर वाचला नसता. मालिबूवाल्याचं पायावर निभावलं असतं.

पद्मिनीचं कौतुक करायचंच तर वेगळ्या गोष्टीचं करा. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना ती हटकून बंद पडायची, कारण इंजिनजवळच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि निवांत चहा मारायचा. फडकं सुकेपर्यंत स्वारी परत तयार. ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काजळले तर पॉलिश पेपरने घासले की काम झालं. हे वडिलांना यायचं, मलाही येतं. नव्या गाड्यांत इंजिनचा पिवळा दिवा लागला की आपण मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. शिवाय पद्मिनीचे काचेशेजारचे खांब इतके बारीक, की वळताना आडवा येणारा सायकलवाला लपत नाही. नव्या गाडीत मान पुढे काढून बघावं लागतं.

तरी पोरांना घेऊन एक्स्प्रेसवेला जायचं तर स्विफ्टच. आईला हे पटत नाही. तिचं म्हणणं, स्विफ्टमध्ये खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं आणि उतरताना गुडघे कुरकुरतात. यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.