नीरा, कुपोषण आणि डॉ. कमला सोहोनी: खुलासा

नंदुरबार-धुळ्याकडच्या ग्रुपवर फिरतंय: ‘कमला सोहोनींनी केंब्रिजला नीरेवर पीएचडी केली, नीरेनं मुलांचं कुपोषण बरं होतं.’ हे चुकीचं आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ सोहोनींच्या १९३९ च्या त्या पीएचडीचं काम वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन) वर होतं, बटाट्यापासून सुरू झालेलं. नीरेचा अभ्यास नंतरचा, मुंबईच्या विज्ञान संस्थेतला. पुढे त्या तिथेच संचालक झाल्या. नीरा त्यांनी पूरक आहार म्हणून तपासली, उपचार म्हणून नव्हे.

शिवाय ऊन चढलं की नीरा आंबून ताडी होते. रस धरायच्या मडक्याला आतून चुना लावून, गार ठेवली तरच थोडी टिकते. लेकराला आंबलेली पाजणं धोक्याचं!

सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचं लक्षण; लगेच अंगणवाडीताईंना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.