‘पहिला आणि एकमेव’ विजय? खुलासा

यूएमबीसी या अमेरिकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या चाहत्यांचा जल्लोष दाखवणारा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. सोबतचा मजकूर असा: ‘अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १६व्या मानांकित संघाने अव्वल मानांकिताला हरवल्याची ही पहिली आणि एकमेव घटना.’ (अव्वल मानांकित म्हणजे गटातला सर्वात बलवान मानलेला संघ, १६वा म्हणजे सर्वात दुबळा.) जल्लोष खरा, दावा अर्धवट.

१६ मार्च २०१८ रोजी यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती, म्हणजे दुसऱ्या सत्रात त्यांनी तब्बल ५३ गुण कुटले! पुरुषांच्या एनसीएए, म्हणजे कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याआधी अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि सगळ्याच अव्वल मानांकितांनी जिंकल्या होत्या. त्यामुळे पुरुषांपुरतं ‘पहिली’ बरोबर आहे. ‘एकमेव’ मात्र नाही. मार्च २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं.

आणि महिलांचं काय? त्यांना नेहमीप्रमाणे विसरलं गेलंय. १९९८ मध्येच हार्वर्डच्या मुलींनी स्टॅनफर्डला ७१-६७ ने हरवलं होतं, तेही स्टॅनफर्डच्याच मैदानावर, जिथे यजमान सलग ५९ सामने हरले नव्हते. ॲलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होत्या हे खरं. पण २०१८ला व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटरही मनगट मोडून बाहेरच होता, त्याचा उल्लेख कुणी करत नाही.

‘व्हर्जिनिया त्यातून सावरलीच नाही’ हे शेपूटही कुणीतरी जोडलंय. २०१९चं विजेतेपद व्हर्जिनियाचंच.