‘डिमेन्शिया केंद्रांना परवाना लागत नाही’: हे खरं नाही

‘डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी केंद्र कुणीही काढावं, परवाना लागत नाही,’ असा मेसेज फिरतोय. स्वतंत्र कायदा नाही, एवढंच त्यातलं खरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान गंभीरपणे बिघडणंही येतं. असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे. दारावर ‘वृद्धाश्रम’ पाटी लावून सुटका नाही. नोंदणी नसेल तर पहिला दंड 5 हजार ते 50 हजार. काही ठिकाणी तो महिन्याच्या फीपेक्षाही कमी भरेल! नोंदणीकृत केंद्राचं दर 3 वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. आईवडिलांना ठेवण्याआधी नोंदणीपत्र मागा. भिंतीवर रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता, फोन लावलाय का तेही बघा.